ठेवणीतली पिशवी

लेकाची, पियुषची, माकडटोपी शोधायला म्हणून रागिणीने कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा उघडला आणि तिच्या अंगावर ब्लाउजपिसांची दरड कोसळली. लाल, हिरवे, मोरपंखी, आमसुली, सोनेरी ठिपक्यांचे, चंदेरी काठाचे, आणि मधूनच एखादा असा की त्याच्या रंगाला नाव ठेवायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. माकडटोपी सापडलीच नाही. मात्र त्या ढिगात उभ्या उभ्या तिला एक कल्पना सुचली. ती सुचली नसती तर पुढे भर भाजीबाजारात तिची शोभा झाली नसती, असं तिचा नवरा योगेश अजूनही, कुणी विचारलं नाही तरी, सांगतो.

ब्लाउजपीस ब्लाउज शिवायला नसतो, हे लग्न होऊन अमरावतीत आलेल्या मुलीला पहिल्याच वर्षी कळतं. तो ओटीत घालायला असतो. डोहाळजेवण असो, बारसं असो, वास्तू असो, आलेल्या बाईला नारळ आणि खण द्यायचा. नारळाची चटणी होते, खण कपाटात जातो आणि पुढच्या बाईची वाट बघत बसतो. शिवायला काढलाच तर तो कुणाच्याच मापात बसत नाही. एक बाही तरी दुसऱ्या कापडाची लावावी लागते. योगेश कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याच्या मते हा सरळ अक्षय्यतेचा नियम आहे. "ब्लाउजपीस निर्माणही करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. तो फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जातो."

सासूबाई, म्हणजे पार्बताबाई, या व्यवहारातल्या मोठ्या जाणकार. कोणता खण कुठून निघाला, वाटेत कुणाकडे मुक्कामाला होता, सगळं त्यांना तोंडपाठ. "हा डाळिंबी तं मी हिवरखेडच्या जाऊले देल्ला होता. तिनं तिच्या भावजयीले देल्ला. भावजयीनं पियुषच्या बारशात आनून आपल्याच ओटीत घातला. मी ओयखला, पन बोलली नाही. आपन कावून कोनाचं मन दुखवावं?"

रागिणीची कल्पना अशी: या खणांच्या बाजारहाटाच्या पिशव्या शिवायच्या. प्लास्टिक कमी होईल, कपाट मोकळं होईल आणि शिवणाऱ्या बायांना काम मिळेल. यातल्या प्लास्टिकच्या मुद्द्यावर ती जरा हळवी होती. त्याच आठवड्यात पियुषने कोथिंबिरीच्या कॅरीबॅगचा एक कोपरा चावून गिळला होता आणि पुढचे दोन दिवस रागिणीने तो परत मिळेपर्यंत जिथे लक्ष ठेवायला नको तिथे लक्ष ठेवलं होतं. ती जात्याच धास्तावलेली आई. पियुषच्या पाण्याच्या बाटलीवर त्याचं नाव, बाटलीच्या झाकणावर नाव, झाकण आणि बाटली वेगवेगळी हरवली तर म्हणून. डबा, चमचा, रुमाल, चपलांचे दोन्ही तळवे, सगळ्यावर नाव. "याच्या कपाळावर तेवढं राहिलं," योगेश म्हणायचा.

सासूबाईंना कल्पना कानावर पडताच धक्का बसला. "ओटीतल्या खनाले कात्री लावतं का वं?"

"आई, नुसते पडून आहेत."

"पडून नाही. ठेवले हायेत."

या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, हे तिने तेव्हाच ध्यानात घेतलं असतं तर पुष्कळ काही वाचलं असतं. पण ती अर्थशास्त्रात एम.ए. झालेली होती आणि अशा माणसाला घरातल्या घरात कुणी काही शिकवू शकत नाही.

बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. शेजारचे शेषरावकाका सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ला हे एकच खातं सांभाळून होते. ते म्हणाले, "आधी संस्था काढ. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव. पिशव्यांचं मग पाहू."

"काका, पण मी एकटीच आहे."

"म्हणून तर म्हणतो. पदं सगळी रिकामी आहेत."

त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाकाकू संस्थेत न पडता थेट कृतीत उतरल्या. खणांचं भलंमोठं गाठोडं त्यांनी आणून दिलं आणि पुढे आठवडाभर त्यातला एकेक परत नेला. हा भाचीच्या लग्नातला, हा देवीच्या ओटीतला, हा कुणाचा ते आठवत नाही म्हणून आठवेपर्यंत राहू दे. तरी कॉलनीतून इतके खण जमले की हॉलमधला दिवाण दिसेनासा झाला. बाया देताना हलक्या झाल्यासारख्या दिसत. गोणी उतरवलेल्या हमालाच्या चेहऱ्यावर दिसतं तसलं सुख.

शिवणारी म्हणून सासूबाईंनीच गोदाबाईंचं नाव सुचवलं. कात्रीचं पाप लागायचंच असेल तर ते निदान माहेरच्या माणसाच्या हातून लागावं, असा त्यांचा विचार असावा. सासूबाईंचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. रागिणी एका काखेत पियुष आणि दुसऱ्या काखेत गाठोडं घेऊन एसटीने तिथे गेली. मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी वाटेत विचारलं, "माहेरी चालली का कायमची?"

गोदाबाईंच्या अंगणात पत्र्याखाली चार मशिनी होत्या आणि चार बाया. ब्लाउज, फॉल, पिको आणि उन्हाळा लागायच्या आधी एका दुकानदाराकडून येणारे शाळेचे ड्रेस, एवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं. गोदाबाईंनी खण हातात घेऊन चुरगळून पाहिला, नमुन्याची पिशवी तिथल्या तिथे शिवून दाखवली आणि मग मुद्द्यावर आल्या.

"हे पाहा ताई. दुकानदाराचा मानूस येनार हाय ड्रेसचं विचाराले. त्याले हो म्हनू का नाही म्हनू, तेवढं सांगा. दोन्ही जमनार नाही. त्याले नाही म्हटलं तं तो दुसऱ्या गल्लीत काम देते अन् मंग वर्षभर इकडं पाहत नाही."

चार मशिनी थांबल्या. चार बाया रागिणीकडे बघू लागल्या. पियुषसुद्धा बघू लागला.

"नाही म्हणा त्याला," रागिणी म्हणाली. "काम मी देते."

हे वाक्य इतकं झोकात निघालं की ते आपणच बोललो हे तिला एसटी परतवाड्याच्या फाट्यापाशी आल्यावर कळलं. मग अमरावतीपर्यंत तिला घाम फुटत राहिला.

पिशव्या मात्र देखण्या झाल्या. दुहेरी अस्तर, रुंद बंद, काठाची पट्टी बरोबर मधोमध. आणि प्रत्येक पिशवीत गोदाबाईंनी चिमूटभर तांदूळ आणि एक हळकुंड घातलेलं. "रिकामी पिशवी कोनी देते का कोनाले? आमच्यात नाही देत."

रागिणीला हे फारच भावलं. तिने तांदूळ-हळकुंडाचा जवळून फोटो काढून मोबाइलवर टाकला. शिकलेल्या माणसाला कुठली गोष्ट भावेल आणि ती त्याला कुठे नेऊन सोडेल, याचा नेम नसतो.

संक्रांत तोंडावर होती. हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, या प्रश्नाने कॉलनी पछाडलेली. प्लास्टिकचे डबे झाले होते, गाळण्या झाल्या होत्या, मागच्या वर्षी कुणीतरी मोबाइलचं स्टँड लुटलं होतं आणि ते काय आहे हे अर्ध्या बायांना अजून कळलेलं नव्हतं. अशात पिशव्या आल्या. उड्या पडल्या. ज्योत्स्नाकाकूंनी घेतल्या, मागच्या गल्लीने घेतल्या, कुणाच्या बहिणीने यवतमाळला मागवल्या. अंजनगावात मशिनींना उसंत नव्हती. गोदाबाई फोनवर म्हणायच्या, "ताई, आता जेवाले तं बसू द्या." रागिणी चालताना थोडी वेगळी चालू लागली. योगेशने तिचं नाव फोनमध्ये 'उद्योजिका' असं बदललं आणि शेषरावकाकांनी उपाध्यक्षपद स्वतःकडे घेतलं.

या धांदलीत एक छोटा अपघात झाला. पियुषच्या प्ले-ग्रुपवाल्यांनी कापडी पिशवी मागितली होती. गोदाबाईंनी खास त्याच्यासाठी एक शिवली, जांभळी, नारिंगी काठाची, आणि रागिणीच्या सांगण्यावरून तिच्यावर लाल दोऱ्याने 'पियुष' असं मुठीएवढ्या अक्षरांत भरलं. ती पिशवी चुकून विकायच्या गठ्ठ्यात गेली आणि कुणाच्या हाती लागली, पत्ता नाही. पियुषला सुखदुःख नव्हतं. तो बाबांच्या हेल्मेटमध्ये खाऊ भरून जायला तयार होता. रागिणीची मात्र झोप उडाली. अनोळखी घरात आपल्या मुलाचं नाव फिरतंय. कुणी त्या नावाने हाक मारली आणि हा गेला तर?

"तो माझ्या हाकेला येत नाही," योगेश म्हणाला. "पिशवीवाल्याच्या हाकेला कुठला जातो."

मग अकोल्याचं प्रदर्शन आलं. महिलांनी केलेल्या वस्तूंचं, सरकारी मंडपातलं. वऱ्हाडभरातून माणसं येणार, तिथे नाव झालं की गोदाबाईंचं वर्ष सुटलं, असा रागिणीचा हिशेब. गाळ्याचं वाटप करणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कापड जुनं की नवं?"

"जुनं."

"म्हणजे वापरलेलं."

"वापरलेलं नाही. पण बारा घरं फिरलेलं आहे."

"फिरलेलं म्हणजे?"

रागिणीने समजावून सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या घरीही वरचा कप्पा असावा, कारण मधेच त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची वेदना तरळून गेली. पण ते खुर्चीवर होते. "मॅडम, वापरलं नाही म्हणजे नवं. नवं आहे तर पुनर्वापरात बसत नाही. नव्यात टाकावं, तर खरेदीचं बिल पाहिजे."

"बिल कसं असेल? ओटीत आलंय."

"ओटीचा रकाना नाही."

शेवटी तिची रवानगी 'इतर' या सदरात झाली. 'इतर'मध्ये एका बाजूला गांडूळखत होतं आणि दुसऱ्या बाजूला गुडघेदुखीचं तेल. खत घ्यायला आलेले शेतकरी पिशव्यांकडे पाहून "ह्या खताबरोबर फुकट का?" असं विचारत, आणि तेलवाला दर पाच मिनिटांनी "चालून दाखवा" असं ओरडत असल्याने बाया दचकून पुढे सरकत. त्यातून एक बाई थांबली. तिने पिशवी उघडली, आत हात घातला आणि घाईघाईने बाहेर काढला. महिनाभरापूर्वीच्या तांदळात किडे झाले होते. एक किडा तर बंदावरून चालत बाहेर आला आणि गांडूळखताच्या दिशेने निघून गेला. तिथे त्याला आपली माणसं भेटतील असं वाटलं असेल.

पण खरा घाव किड्यांनी घातला नाही. तो घातला त्या बायांनी, ज्या पिशवी पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "हे तं हाय माह्याकडे. दोन हायेत. ठेवल्या हायेत."

परतताना ती योगेशच्या अकोल्याच्या आत्याकडे गेली. आत्यांनी चहा दिला, कुंकू लावलं आणि ओटी भरायला नारळ आणला. तो एका मोरपंखी पिशवीत होता. "पाह्य कशी झकास हाय," आत्या कौतुकाने म्हणाल्या. "आमच्याकडे आता याच चालून राहिल्या. माह्या हातून गेल्या पाच-सहा, पन येतेतही तेवढ्याच." रागिणीने पिशवी उलटी केली. काठाची पट्टी मधोमध. तळाशी तेच हळकुंड, त्याच तांदळात.

एसटीत खिडकीशी बसून तिने ती पिशवी मांडीवर ठेवली आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने ब्लाउजपीस संपवले नव्हते. त्यांना नुसते बंद लावले होते. कुणी त्यातून भाजी आणत नव्हतं, कुणी किराणा भरत नव्हतं. तांदूळ आणि हळकुंडासकट आलेल्या वस्तूत मेथी कोण कोंबणार? पिशव्या कपाटात चढत होत्या, ओटीपुरत्या उतरत होत्या आणि पुढच्या कपाटात चढत होत्या. एक पिशवी दहा घरांचं काम भागवत होती आणि नवी कुणालाच नको होती. चलन जितकं फिरतं तितकं नवं छापावं लागत नाही, हे रागिणीने परीक्षेत उत्तम अक्षरात लिहिलं होतं.

घरी पोचते तोच गोदाबाईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, मशिनी गुमसुम हायेत. दुकानदारानं ड्रेस दुसऱ्या गल्लीतल्या बायांले देल्ले. तुमी म्हटलं म्हनून मीनं नाही म्हटलं होतं. या तिघीही माह्या शब्दावर बसल्या. काम हाय ना पुढं?"

"आहे ना," रागिणी म्हणाली. "भरपूर आहे."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पियुषचे कपडे घडी करत बसली. घडी केलेलेच.

तिने उपाय केले. कॉलनीच्या ग्रुपवर 'पिशव्या ठेवू नका, वापरा' असा मजकूर टाकला. त्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि सगळ्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगांतून भाजी आणत राहिल्या. तिने ज्योत्स्नाकाकूंना समोरच गाठलं. काकूंच्या हातात वांग्यांची कॅरीबॅग होती.

"काकू, आपली पिशवी कुठेय?"

"कपाटात आहे ना. इतकी सुंदर पिशवी, वांग्यांना कशी नेऊ? मळेल."

"धुवायची मग."

"धुतली तर ती नवी राहील का? मग कुणाला देता येईल?" काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं जणू रागिणीने देवघरातला पाण्याचा गडवा न्हाणीत न्यायला सांगितला होता.

शेषरावकाका म्हणाले, "संस्था काढली असती तर आज ठराव करता आला असता."

शनिवारी सकाळी ती भाजीबाजारात गेली. भाजी हे निमित्त. खरं म्हणजे आपली एक तरी पिशवी कुणाच्या हातात दिसते का, हे पाहायला. पियुष घरी आजीजवळ होता. ती टमाट्यांच्या ढिगांवरून, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवरून माणसांच्या हातांकडे बघत चालली होती. गोण्या, वायरच्या पिशव्या, कॅरीबॅगा. एका आजोबांनी तर धोतराच्या सोग्यात मिरच्या घेतलेल्या. तिने आशा सोडली, आणि नेमकं तेव्हा, लसणाच्या ठेल्यापलीकडे, गर्दीत एक जांभळी पिशवी हलताना दिसली. नारिंगी काठ. लाल अक्षरं. मेथीने फुगलेली, तळाशी ओली झालेली, एका बाजूला हळदीचा डाग पडलेली, पूर्ण वापरातली पिशवी.

"पियुष," रागिणी ओरडली.

तिला म्हणायचं होतं 'ओ ताई, थांबा', पण आनंदात माणूस समोर दिसतं ते वाचतो. पिशवी थांबली नाही. रागिणी धावली. "पियुष, पियुष," करत ती कोबीच्या राशीला वळसा घालून, एका हातगाडीखालून, कुणाच्या तरी पालकावर पाय देऊन पुढे गेली.

"लेकरू हरपलं वाटते," लसूणवाला म्हणाला.

तेवढं पुरे झालं. वऱ्हाडातल्या बाजारात भावावरून माणसं एकमेकांची गचांडी धरतील, पण लेकरू हरवलं म्हटल्यावर काटे जागच्या जागी थांबतात. "पोरगं हरपलं, पोरगं," अशी हाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. संत्रीवाल्याने आपला भोंगा हाती घेतला आणि संत्र्यांच्या भावाच्या सुरातच "पियुष नावाचा मुलगा, पियुष नावाचा मुलगा, जिथे असशील तिथे उभा राह्य" असं सुरू केलं. एका बाईने धापा टाकणाऱ्या रागिणीला धरून पोत्यावर बसवलं आणि पाणी पाजलं. कुठूनसा एक पोलीसदादाही उगवला.

"घाबरू नका ताई. अंगात काय आहे त्याच्या?"

"मेथी," रागिणी म्हणाली.

"कपडे विचारतो मी. रंग?"

"जांभळा. नारिंगी काठ. दोन बंद."

पोलीसदादांनी पाणी पाजणाऱ्या बाईकडे पाहिलं. बाईने मान हलवली, धसक्याने होतं असं, म्हणून.

एवढ्यात गर्दीने जांभळ्या पिशवीवालीला अडवून, जवळजवळ उचलूनच आणलं. पिशवीवर नाव लिहिलेलं असल्याने पोराचा तपास हिच्यापासूनच लागणार, असं सगळ्यांचं ठरलं होतं. ती एक धडधाकट, पस्तिशीची बाई होती आणि मुळीच घाबरलेली नव्हती.

"कोनाचं पोरगं? माह्या पिशवीत मेथी हाय, पाहून घ्या. मी सीमा. मागच्या गल्लीत घर हाय माह्यं, पळून जाऊन नाही राहिली."

रागिणीला सगळं सांगावं लागलं. भर बाजारात, पोत्यावर बसून, सत्तर-ऐंशी माणसांसमोर. मुलगा घरी आहे, आजीजवळ. हरवली ती पिशवी. मग लसूणवाल्याने विचारलं, "म्हंजे पोरगं हरपलंच नाही?" त्याच्या आवाजात आनंदापेक्षा फसवणूक झाल्याची भावना अधिक होती. भोंगा मात्र अजून पियुषला जिथे असेल तिथे उभं राहायला सांगत होता. पालकवालीने आपल्या तुडवलेल्या जुड्या आणून निमूटपणे रागिणीच्या पुढ्यात ठेवल्या. रागिणीने त्या सगळ्या विकत घेतल्या आणि एवढा पालक न्यायला पालकवालीने तिला एक कॅरीबॅग दिली.

गर्दी पांगल्यावर सीमा पिशवी रिकामी करू लागली. "घ्या बाप्पा तुमची पिशवी. लेकराचं नाव हाय."

"राहू द्या," रागिणी म्हणाली. "फक्त एक सांगा. तुम्ही हिच्यातून भाजी कशी काय आणता? बाकी सगळ्या जणी ठेवून देतात."

"मंग काय करू?" सीमा म्हणाली. "संक्रांतीत वान म्हनून आली. मीनंही ठेवली असती. पन नाव पडलं ना बाई तिच्यावर. ज्याचं नाव त्याचीच वस्तू. कोनाले देऊ? साऱ्या नात्यात पाहलं, पियुष नावाचं एकही पोरगं भेटलं नाही. मंग म्हटलं, आता वापराच लागते."

रागिणी पोत्यावरून उठली. आपल्या घरातली स्टीलची भांडी तिच्या डोळ्यांसमोर चकाकली. प्रत्येक तांब्यावर, प्रत्येक ताटलीवर टोचून घातलेलं सासऱ्यांचं नाव. म्हणून तर ती भांडी कुठे गेली नाहीत, रोज घासली गेली, पोचे पडेपर्यंत वापरली गेली. आणि पियुषच्या बाटलीपासून चपलांच्या तळव्यांपर्यंत ती स्वतः दुसरं काय करत आली होती? सगळ्या जगाच्या वस्तूंवर नावं घालणाऱ्या आईने नेमकी पिशवी तेवढी बिननावाची सोडली होती.

तिने तिथूनच फोन लावला. "गोदाबाई, पिशवीत तांदूळ नको. हळकुंड नको. प्रत्येक पिशवीवर नाव. जिची पिशवी तिचं नाव, लाल दोऱ्याने, मोठं."

"रिकामी देऊ?" गोदाबाई अडखळल्या.

"रिकामी नाही. नाव भरून द्या."

पलीकडे गोदाबाईंनी मनात हिशेब केला. मग म्हणाल्या, "नावाले वेळ लागते ताई. चौघी पुरनार नाहीत. अजून दोघी लागतीन."

"बोलवा," रागिणी म्हणाली, आणि यावेळी घाम आला नाही. थोडाच आला.

नावाची पिशवी म्हटल्यावर कॉलनी हलली. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कित्येकींनी लग्नपत्रिकेनंतर पाहिलेलं नव्हतं. अडचणी आल्याच. एकीला 'सौ.' हवं, एकीला नको. ज्योत्स्नाकाकूंना भांड्यावर असतं तसं 'यांजकडून सप्रेम भेट' हवं होतं. स्वतःच स्वतःला भेट कशी देणार, हे समजावण्यात एक दुपार गेली. शेषरावकाकांनी स्वतःसाठी मागवली आणि नावापुढे 'उपाध्यक्ष' घालायला लावलं. ते पिशवीच्या पुढच्या बाजूला मावेना म्हणून 'ध्यक्ष' मागे गेलं. पण दुसऱ्या दिवशी काका ती घेऊन दूध आणायला गेले, आणि येताना लांबचा रस्ता धरून आले. मग काकूंची पिशवी वांगी घेऊन आली. कुणाच्या तरी सासूची गहू घेऊन गिरणीवर गेली. पिशव्या मळल्या, धुतल्या गेल्या, दोरीवर वाळू लागल्या. गच्चीगच्चीवर नावं फडफडत होती, निवडणूक लागल्यासारखी. अंजनगावातून गोदाबाई पुन्हा म्हणू लागल्या, "ताई, जेवाले तं बसू द्या."

राहता राहिल्या सासूबाई.

त्यांची पिशवी गोदाबाईंनी जीव ओतून केली होती. तोच डाळिंबी खण, जो हिवरखेड फिरून बारशात परत आला होता. त्याच्यावर 'पार्बताबाई' एवढंच, बारीक टाक्यांत. सासूबाईंनी ती हातात घेतली. अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेक काना, वरचा रफार. संध्याकाळी बाजारात निघाल्या तेव्हा रागिणी मुद्दाम दारात उभी राहिली. सासूबाईंच्या हातात कॅरीबॅग होती.

"आई, पिशवी?"

"कपाटात हाय."

"अहो, तिच्यावर नाव आहे तुमचं. ती कुणाला देता येणार नाही."

"कोनाले देनारच नाही. म्हनून तं ठेवली." सासूबाईंनी चपला घातल्या. "साठ वर्सात माह्या नावाची एक वस्तू झाली. तिच्यात कांदे भरू का?"

रागिणीकडे यावर प्लास्टिकचे दुष्परिणाम होते, अर्थशास्त्र होतं, पियुषने गिळलेला कोपरा होता. त्यातलं काहीच तिला काढावंसं वाटलं नाही. सासूबाई फाटकाशी गेल्या, थांबल्या आणि मागे वळून न पाहता म्हणाल्या, "गोदाबाईले सांग, अजून एक पाठव म्हना. तशीच, नावाची. वापराले वेगळी लागन ना."

सासूबाईंचं हे बोलणं कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या ज्योत्स्नाकाकूंनी हातातली सूपभर ज्वारी खाली ठेवली.

"रागिणी," त्या म्हणाल्या, "माझीपण एक. ठेवायची."

गोदाबाईंचा नंबर लावता लावता रागिणीने खण काढायला कपाटाचा वरचा कप्पा उघडला. वरून पियुषची माकडटोपी पडली. तिच्यावर नाव होतं.